उजवी पापणी

समिती पाहणीला आली तेव्हा पुतळा नव्हताच. एका पाटावर लोखंडी सळई उभी होती, तिच्या वरच्या टोकाला तारेनं बांधलेले दोन लाकडी तुकडे लोंबत होते, आणि या सगळ्याला मी सांगाडा म्हणत होतो. समितीनं हार आणला होता.

"हे काय?" अध्यक्ष माणिकराव थोरवडे म्हणाले.

"सांगाडा आहे. यावर माती चढवायची."

"म्हणजे बापूसाहेब अजून यायचेत."

"तीन आठवडे लागतील."

माणिकरावांनी हाराकडे पाहिलं, सोबत आणलेल्या फोटोग्राफरकडे पाहिलं, आणि आयुष्यभर संस्था चालवलेल्या माणसासारखा निर्णय घेतला. "आणलाय तर घालू." त्यांनी सळईला हार घातला. सचिव निंबाळे गुरुजींनी मागं उभं राहून हात जोडले. तिसरे सदस्य डॉक्टर उपाध्ये यांनी चष्मा काढून डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पेपरात फोटो आला. माझा छापून आलेला हा पहिला पुतळा. खरं सांगायचं तर इतकं प्रामाणिक काम माझं पुन्हा कधी छापून आलेलं नाही.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. कोल्हापुरात शिल्पकला शिकलो होतो आणि चिंचणगावात चुलतभावाच्या पिठाच्या गिरणीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्टुडिओ थाटला होता. स्टुडिओ हा शब्द मी वापरायचो, भाऊ 'मागचं' म्हणायचा. गिरणी सुरू असली की माझ्या सगळ्या कामावर पिठाचा पातळ थर बसायचा, त्यामुळे तिथली प्रत्येक मूर्ती आजारातून नुकतीच उठल्यासारखी दिसायची.

बापूसाहेब खटावकर म्हणजे गावातल्या हायस्कुलाचे संस्थापक आणि तीस वर्षं मुख्याध्यापक. दोन वर्षांपूर्वी वारले. संस्थेनं त्यांचा अर्धपुतळा शाळेच्या दारात बसवायचा ठरवला आणि काम मला दिलं, कारण मी जवळ होतो. पाहणीच्या दिवशी निघताना माणिकरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"संस्थेच्या शाखा किती माहीत आहे का, आर्टिस्ट?"

"नाही."

"सहा," ते म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

त्या दिवसापासून मी झोपेतसुद्धा सहा पुतळे मोजत होतो.

समितीनं मला एकच फोटो दिला होता. स्टुडिओत काढलेला, नंतर ब्रशनं सुधारलेला. त्यात बापूसाहेबांचे केस काळेभोर होते आणि चेहरा साबणाच्या जाहिरातीतल्या बाळासारखा होता. त्यावरून माणूस करणं म्हणजे लग्नपत्रिकेवरून नवरा ओळखण्यासारखं. म्हणून मी त्यांच्या घरी गेलो.

त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई, ज्यांना सगळं गाव माई म्हणायचं, खिडकीत बसून एका कोटाला बटण लावत होत्या.

"नाव काय तुझं?"

"धैर्यशील लोहार."

"बस, धैर्यशील. हा कोट तुझ्यासाठीच काढलाय. गुरुजी म्हणाले, कपडे लागतील म्हणून. बघते तर बटण नाही. बिनबटणाचं पाठवलं असतं तर ह्यांनी मला…" वाक्य तिथंच सोडून त्यांनी सुई उजेडात धरली आणि माझ्याशी बोलता बोलता, चष्मा न लावता, एका झटक्यात तिच्यात दोरा ओवला. वय चौऱ्याहत्तर. मला आठवतं, कारण माझी आई पंचेचाळिसाव्या वर्षापासून दोरा ओवायला मला हाक मारायची.

मी फोटो दाखवला. माईंनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"फोटोवाल्यानं डोळा उघडलाय," त्या म्हणाल्या.

"कुठला?"

"हा उजवा. ह्यांना चाळिशीत वारं गेलं चेहऱ्यावरून. बाकी सगळं बरं झालं, ही पापणी खालीच राहिली. अर्धी. पोरांना वाटायचं सर पेंगतायत. परीक्षेत बिनधास्त कॉपी करायची. आणि त्याच डोळ्यातून हे बघत असायचे." त्या हसल्या. "आणि ओठ असा एका बाजूला जायचा. रागावले की नाही, हसू आवरताना. रागावले की ओठ सरळ. पोरांना हे उलटं वाटायचं, म्हणून तीस वर्षं शिस्त टिकली."

मी तासभर बसलो. त्यांनी मला बापूसाहेबांची मान कुठल्या बाजूला कलायची ते दाखवलं, कानाच्या पाळीचा आकार कोटाच्या कापडावर बोटानं काढून दाखवला. निघताना म्हणाल्या, "झालं की सांग. बघायला येईन."

कोल्हापुरात आम्हाला पाटणकर सर होते. ते फार बोलायचे नाहीत. एकदा वर्गात कुणीतरी विचारलं, सर, शिल्पकार व्हायला काय लागतं? सरांनी बराच वेळ त्याच्या कामाकडे पाहिलं आणि म्हणाले, "माती लावता तर कुंभारालाही येते. हात काढून घेता आला पाहिजे. जमलं असं दिसलं की हात काढायचा. पुढचं बोट लागलं की मेलं." एवढं बोलून ते चहाला गेले. आम्ही सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढची तीन वर्षं प्रत्येक मूर्तीला शेवटचं बोट लावून मारत राहिलो.

बापूसाहेबांच्या वेळी पहिल्यांदा मी हात काढला. तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, दुपारी चारच्या सुमाराला. उजवी पापणी मी सात वेळा केली होती आणि सातही वेळा ती झोपलेल्या माणसाची झाली होती. आठव्यांदा मातीची एक लहान पट्टी ठेवली, अंगठ्यानं किंचित खाली ओढली, आणि तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी कॉपी करताना पकडला गेल्यासारखा दोन पावलं मागं सरलो. ओठ एका बाजूला गेला होता. तो माझ्यावर हसत होता आणि हसू आवरत होता. मी हत्यार खाली ठेवलं, हात धुतले, आणि भावाला बोलावून आणलं. भावानं पाहिलं आणि पहिल्यांदाच शेडला 'मागचं' म्हणाला नाही.

बुधवारी माई आल्या. एकट्याच, उन्हातनं चालत. मी मातीवरचं ओलं फडकं काढलं.

माईंचा हात आपोआप वर गेला आणि खांद्यावरचा पदर त्यांनी डोक्यावर घेतला. मग पुतळ्याच्या समोरून बाजूला सरकून भिंतीकडेला उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं त्यांचं त्यांनाच लक्षात आलं.

"बघ बाई," त्या म्हणाल्या. "सासूबाई होत्या तेव्हाची सवय. हे शाळेतनं आले की पदर घ्यायचा. सासूबाई गेल्या, सवय गेली नाही." पदर मात्र त्यांनी काढला नाही. "फडकं टाक परत. वाळतील."

वाळेल, म्हणाल्या नाहीत. मी फडकं टाकलं.

दुसऱ्या दिवशी समिती माती पास करायला येणार होती. माती पास झाली की साचा, साच्यातून धातूचं काम. आमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या, एका मंत्र्याच्या हस्ते अनावरण ठरलं होतं. मी माईंना म्हणालो, "उद्या तुम्हीही या. कुटुंबाचं कुणी असलं की बरं." यात माझा हिशेब असा, की त्या हो म्हणाल्या तर समिती नाही कशाला म्हणेल. हिशेब बरोबर होता. फक्त माणसं चुकीची होती.

गुरुवारी सकाळी अकराला तिघे आले. माई आधीच येऊन स्टुलावर बसल्या होत्या. मी फडकं काढलं. माईंनी पदर घेतला. समितीनं खिशातून पेनं काढली.

निंबाळे गुरुजींनी इतिवृत्ताची वही आणली होती. त्यांचं म्हणणं, पुतळ्याबद्दल नंतर वाद नकोत म्हणून अवयववार मंजुरी घ्यावी.

"नाक," माणिकराव म्हणाले.

"नाक चांगलंय," डॉक्टर म्हणाले.

गुरुजींनी लिहिलं, 'नाक : मान्य.' मिशी मान्य झाली. उजवा कान मान्य झाला. डावा कान 'उजव्याप्रमाणे' असा मान्य झाला. कोटाच्या बटणांवर थोडी चर्चा होऊन तीही मान्य झाली. माई ओठ दाबून ऐकत होत्या. बटण मान्य झालं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून भुवई उंचावली.

"हा डोळा राहिलाय का अजून?" माणिकराव म्हणाले.

"नाही. झालाय."

"अर्धाच दिसतोय."

"अर्धाच होता."

तिघांनाही ते माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. पोरं बापूसाहेबांना मागून साडेबारा म्हणायची, एक काटा वर, एक खाली, ते त्या डोळ्यावरूनच.

"होता खरा," निंबाळे गुरुजी म्हणाले. "मला नववीत दोनदा पकडलं त्या डोळ्यानं."

"मग बरोबर आहे की," मी म्हणालो.

"बरोबरच आहे. पण मी आता त्याच शाळेचा मुख्याध्यापक आहे. रोज सकाळी त्याच्यासमोरून आत जायचंय मला."

डॉक्टर पुढं वाकून पापणी तपासत होते. "नसेचा त्रास होता. मीच औषध दिलेलं. पापणी अगदी जशीच्या तशी बसवलीय तुम्ही, कौतुक आहे. पण माझ्या औषधानं ती वर आली नाही हे शाळेच्या दारात धातूत ओतून ठेवायचं म्हणजे… मी म्हणतो, पुतळ्याला आजारपण कशाला?"

"आणि मंत्री समोरून हार घालणार," माणिकराव म्हणाले. "जवळ गेले आणि बापूसाहेबांनी डोळा मारल्यासारखं झालं, तर संस्थेचं अनुदान गेलं म्हणून समजा."

मला हसू आलं. कुणीच हसत नव्हतं, तेव्हा मीही थांबलो.

"माई, तुम्ही सांगा," माणिकराव म्हणाले. "कुटुंबाचं मत लागतं ठरावात."

माई स्टुलावरून उठल्या. इतक्या माणसांत त्यांनी कधी मत दिलं असेल असं वाटलं नाही, कारण आधी त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं, बोलू का असं विचारल्यासारखं.

"हेच आहेत," त्या म्हणाल्या.

"ते आहेच हो. डोळ्याचं म्हणतोय मी."

"डोळा असाच. आता हात लावू नका कुणी."

गुरुजींचं पेन थांबलं. "अडचण आहे, अध्यक्ष. नियम आपणच केलाय. कुटुंबाची हरकत असेल तर बदल करता येत नाही."

माणिकरावांनी विचार केला. विचार करताना ते घड्याळाला किल्ली द्यायचे, घड्याळ सेलचं असूनही.

"माई, मोतीबिंदू कुठल्या डोळ्यात आहे तुमच्या?"

"कुठल्याच नाही."

"वय काय?"

"चौऱ्याहत्तर."

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी मोतीबिंदू नाही? डॉक्टर?"

डॉक्टर छताच्या पत्र्याकडे बघत म्हणाले, "तपासल्याशिवाय नाहीच असं म्हणता येत नाही."

"म्हणजे असू शकतो. नीट दिसत नसेल तर मताला अर्थ राहत नाही, यात माईंचा अपमान नाही. पण आपण कशाला ठरवायचं?" माणिकराव माझ्याकडे वळले. "हे आर्टिस्ट आहेत. बघणं हा यांचा धंदा. आर्टिस्ट, तुम्ही माईंना घरी भेटलात, बोललात. तुम्ही सांगा. यांना नीट दिसतं का?"

गिरणीत कुणीतरी ज्वारी टाकली. पट्टा फिरायला लागला, पत्रे थरथरले, बापूसाहेबांच्या केसांवर थोडं पीठ बसलं. माणिकराव उत्तराची वाट बघत होते आणि बोटं एकेक करून उघडत होते. अंगठा, तर्जनी, मधलं. त्यांची बोटं आखडली असतील. मला वाटलं ते शाखा मोजतायत.

"थोडं कमी दिसत असावं," मी म्हणालो.

माईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. सुईत दोरा गेला की नाही हे बघावं, तसं.

"मग घ्या उघडून," माणिकराव म्हणाले. "आणि होता होईल तो ओठही सरळ करा. प्रसन्न."

मी करतो, तुम्ही उद्या या, असं म्हणता आलं असतं. निदान माईंच्या माघारी झालं असतं. पण तिघेही खुर्च्या ओढून बसले होते आणि गुरुजींनी 'उजवा डोळा :' एवढं लिहून ठेवलं होतं. मी पुढं झालो. अंगठ्याच्या नखानं पापणीची पट्टी उचलली. ती लगेच निघाली, नुकतीच ठेवल्यासारखी. खालचं बुबुळ गोल केलं. ओठाचा कोपरा दाबला. सगळं मिळून बारा सेकंद लागले असतील. पाटावर संस्थेचा एक माजी पदाधिकारी तयार झाला.

"वा," डॉक्टर म्हणाले. "दहा वर्षांनी तरुण झाले."

मी वळलो. माईंनी डोक्यावरचा पदर खाली घेतला होता. घाईनं नाही. पाहुणे निघून गेल्यावर बायका घेतात तसा, खांद्यावर नीट बसवून. मग त्या पुतळ्याच्या पुढ्यातून, अगदी त्याच्या नाकासमोरून, चालत टेबलाजवळ आल्या.

"कुठं सही करायची?"

गुरुजी घोटाळले. "सही कशी चालेल, माई? दिसत नाही असं लिहिलंय ना आता. अंगठा लागेल."

"द्या."

शाईचा पॅड कुणाकडंच नव्हता. तिघांनी खिसे चाचपले. माईंनी माझा उजवा हात धरून पुढं ओढला. उचललेली ओली पापणी अजून तळहाताला चिकटलेली होती. त्यांनी आपला अंगठा त्या मातीवर दाबला आणि वही स्वतःकडे वळवून घेतली. ठसा उठवायच्या आधी, चष्मा न लावता, गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून, शाळेत शिकवतात तसं त्यांनी वाचलं :

"श्रीमती सत्यभामाबाई खटावकर यांची दृष्टी अधू असल्याने त्यांचे मत ग्राह्य न धरता, शिल्पकारांच्या सल्ल्यानुसार, उजवा डोळा उघडण्यात येत आहे."

मग अंगठा उठवला.

"पूर्णविराम राहिलाय, गुरुजी."

निंबाळे गुरुजींनी पूर्णविराम दिला. माईंना वाचता येतं, हे इतिवृत्तात आलं नाही.

दारापाशी थांबून माई मला म्हणाल्या, "कोट धुऊन पाठव. माती लागली असेल." एवढंच.

अनावरण ठरल्या दिवशी झालं. मंत्री आले नाहीत. त्यांचे स्वीय सहायक आले आणि त्यांनी फोनवर बोलत बोलत, पुतळ्याकडे पाठ करून दोरी ओढली. तो डोळा ज्यांच्यासाठी उघडला होता त्यांनी तो अजून पाहिलेला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माई पहिल्या रांगेत होत्या. पदर खांद्यावर होता, तिथंच राहिला. उठताना त्यांनी पुतळ्याला लांबून नमस्कार केला, लग्नात समोरच्या पक्षाच्या माणसाला करतात तसा.

मी पाटणकर सरांना कोल्हापूरहून मुद्दाम बोलावलं होतं. गर्दी पांगल्यावर ते पुतळ्याजवळ गेले. मागून पाहिला, बाजूनं पाहिला. कानाशी बराच वेळ थांबले. मान ज्या बाजूला कलली होती त्या बाजूला स्वतःची मान कलवून पाहिली. मग समोर आले.

"कान तू केलास."

"हो, सर."

"मान तू केलीस. कोट तू केलास, बटण पण. चांगलंय." त्यांनी उजव्या डोळ्याकडे बोट केलं. "हा कुणी केला?"

माई दोन पावलांवर चप्पल घालत होत्या.

"समितीनं," मी म्हणालो.

"वाटलंच," सर म्हणाले. "तुझा हात नाही तो."

माईंनी दुसरी चप्पल घातली आणि त्या चालू लागल्या.

याला अकरा वर्षं झाली. सहाही शाखा झाल्या, इतर संस्था झाल्या, एक बाजार समिती झाली. सगळे मिळून अडतीस पुतळे, सगळ्यांचे दोन्ही डोळे उघडे. माती पहिल्या खेपेला पास होते. आता तो माझाच हात आहे.